कोल्ह्यांची भीती उतरली तेव्हा

मी पशुवैद्य. घाबरलेलं जनावर रोज हाताळतो, म्हणून सोव्हिएत कोल्हेपालनाचा इतिहास मला फार जवळचा. फरसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढूनही माणूस दिसताच गुरगुरत, चावत. १९५९ मध्ये द्मित्री बेल्यायेव आणि ल्युडमिला त्रुत यांनी नोवोसिबिर्स्कमधून प्रयोग आरंभला. वीण फक्त कमी घाबरणाऱ्यांची घ्यायची. सोव्हिएत संघात जनुकशास्त्र त्याआधी जिवावर बेतणारं ठरलं होतं. बेल्यायेवच्या जनुकशास्त्रज्ञ भावाला १९३७ मध्ये गोळ्या घातल्या होत्या. तरी या माणसाने काम सोडलं नाही, याचं मला अपार कौतुक आहे.

चौथ्या पिढीपासून काही पिल्लं माणसाला पाहून शेपटी हलवू लागली. बाराव्या पिढीच्या सुमारास रक्तातली ताणाची संप्रेरकं जवळजवळ निम्म्यावर आली. मेंदूतलं सेरोटोनिनही जास्त आढळलं. मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळेची गोष्ट. साध्या पिल्लाला सहाव्या आठवड्यापासून अनोळखी गोष्टींची धास्ती बसते, यांना नवव्यानंतर. संप्रेरकांची उसळीही तशीच लांबली. मधल्या आठवड्यांत पिल्लू माणसाला आपलं मानून घेतं. संप्रेरकं पाहून निवड कोणी केलीच नव्हती. निवडलं होतं ते फक्त वागणं.