दंतचक्रपेटी : घडण, झीज व घरगुती पुनर्बांधणी

मोटारगाडीच्या एंजिनाचा वेग व चाकांचा वेग यांचे प्रमाण गरजेनुसार बदलणाऱ्या यंत्रणेस दंतचक्रपेटी म्हणतात. कारखान्यांत व रस्त्यावर ती गिअरबॉक्स याच नावाने ओळखली जाते. एंजिन ठराविक वेगमर्यादेतच पुरेसे बळ देऊ शकते. त्यामुळे चढावर किंवा गाडी जागेवरून हलविताना चाके संथ पण जोराने फिरावी लागतात, तर सपाट रस्त्यावर ती जलद फिरली तरी चालते. हे काम लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्यांनी साधले जाते. प्रस्तुत लेखात हाताने गिअर बदलावयाच्या पेटीचा विकास आणि झिजलेली पेटी घरी उघडून पुन्हा उभी करण्याची परंपरा यांचा एकत्र विचार केला आहे. कारण पेटीच्या रचनेत झालेल्या प्रत्येक सुधारणेने दुरुस्तीचे स्वरूपही बदलले.

फ्रान्समध्ये एमील लव्हासॉर यांनी १८९१ च्या सुमारास पानार-लव्हासॉर गाड्यांसाठी जी रचना केली तीत दंतचक्रे दंडावर सरकवून एकमेकांत अडकविली जात. फिरत्या दातांवर फिरते दात आदळत, खडखडाट होई आणि दातांच्या कडा झिजून गोल होत. ही पद्धत रांगडी आहे पण चालते, असे खुद्द लव्हासॉर म्हणत, अशी आख्यायिका आहे. तिचा एक गुण मात्र मान्य करावा लागतो : जे बिघडे ते डोळ्यांना दिसे, आणि चांगल्या लोहाराला किंवा फिटरला ते समजे.

पुढचे पाऊल घरच्याच एका शेडमध्ये पडले. पॅरिसजवळच्या बियांकूर येथे वडिलांच्या बागेतील शेडमध्ये एकवीस वर्षांच्या लुई रेनॉल्ट यांनी १८९८ मध्ये द दियों-बूतों कंपनीची एक तीनचाकी गाडी मोडून चारचाकी केली व तिला स्वतः बनविलेली पेटी बसविली. सर्वांत वरच्या गिअरमध्ये एंजिनाकडून येणारा दंड व चाकांकडे जाणारा दंड ही पेटी सरळ जोडून टाकीत असे. मधल्या दंडावरील दंतचक्रांवर त्या वेळी भारच येत नसे. त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी माँमार्त्र टेकडीवरील रू लपीकचा उभा चढ ही गाडी चढून गेली आणि तेथेच मागण्या नोंदविल्या गेल्या, असे सांगतात. १८९९ मध्ये रेनॉल्ट यांनी या थेट जोडणीचे एकस्व घेतले. पुढे मागील चाकांवर चालणाऱ्या बहुसंख्य गाड्यांत हीच मांडणी रूढ झाली. दुरुस्ती करणाऱ्यालाही तिने एक निदान दिले : सर्व गिअरांत घरघर ऐकू येते पण टॉपमध्ये पेटी शांत होते, तर दोष बहुधा मधल्या दंडाच्या धारव्यांत म्हणजे बेअरिंगांत असतो.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ च्या मॉडेल टी गाडीत सरकती दंतचक्रे टाळून पायाने चालविण्याची ग्रहमालेसारखी चक्ररचना वापरली. तिचे पट्टे झिजत आणि ते पेटीचे झाकण काढून मालकालाच बदलता येत. शेतकरी गाडीची दुरुस्ती स्वतः करतो ही अमेरिकेतील सवय वाढविण्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

गिअर बदलताना होणारी दातांची टक्कर टाळण्यासाठी चालकाला क्लच दोनदा दाबून एंजिनाचा वेग अंदाजाने जुळवावा लागे. हे कौशल्य सर्वांना साधत नसे. अमेरिकन अभियंता अर्ल टॉम्पसन यांच्या समवेगी रचनेमुळे, म्हणजे सिंक्रोमेशमुळे, ही अडचण दूर झाली. कॅडिलॅकने ती १९२८ मध्ये बाजारात आणली. हिच्यात दंतचक्रे कायम एकमेकांत अडकलेली असतात. दंतचक्राच्या शंकूवर पितळी कडे घासून दोहोंचे वेग आधी समान होतात व मगच ती दंडाशी जोडली जातात. हेच टॉम्पसन पुढे हायड्रामॅटिक या स्वयंचलित पेटीच्या विकासाचे प्रमुख झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. चालकाचे काम सोपे झाले, मात्र ज्याने पेटी उघडायची त्याचे अवघड झाले : पूर्वी जेथे एक सरकते चक्र असे तेथे आता बाही, कडे, स्प्रिंगा व छोट्या गोळ्या यांची गर्दी झाली.

भारतात या दुरुस्तीला छंदापेक्षा वेगळे कारण होते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणी कारखाना काढला होता. परंतु पूर्ण उत्पादन येथेच करण्याच्या सरकारी धोरणानंतर १९५४ च्या सुमारास ही कंपनी व फोर्ड या दोघींनीही येथील काम बंद केले. रस्त्यावरच्या त्यांच्या गाड्या मात्र धावतच राहिल्या व सुटे भाग दुर्मीळ झाले. उरलेल्या मोजक्या गाड्यांसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे जुनी गाडी टाकून देण्याचा विचार कोणी सहसा करीत नसे. अँबॅसडर, कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी व महिंद्राची जीप या तिन्हींच्या सुरुवातीच्या पेट्यांत पहिल्या गिअरला समवेगी कडे नव्हते. गाडी पूर्ण थांबण्यापूर्वीच पहिला गिअर टाकण्याच्या सवयीने त्याचे दात तुटत. पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचा चोर बाजार येथून जुने भाग आणून वाड्याच्या अंगणात किंवा गॅरेजच्या दारात पेटी उघडणे हे त्या काळातील नेहमीचे दृश्य होते. याची लेखी नोंद फारच थोडी आहे. ती विद्या मिस्त्रीकडून पोऱ्याकडे तोंडी गेली.

पेटी उघडण्याआधी तिचे तेल वाचावे लागते. तेल सांडून देण्याऐवजी ते स्वच्छ थाळीत घेतात. सोनेरी चकाकी दिसली तर पितळी कडी झिजली आहेत. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक भुकटी अपेक्षितच असते, परंतु टोकदार कपचे आढळले तर कोठेतरी दात फुटला आहे. गाडी उतारावर असताना गिअर आपोआप सुटणे हे जोडदातांच्या कडा झिजल्याचे किंवा दंडाला पुढेमागे अवाजवी खेळ आल्याचे लक्षण असते. दुसऱ्या गिअरवर उतरताना कर्कश आवाज येत असेल तर बहुतेक वेळा त्या गिअरचे कडे संपलेले असते. कडे शंकूवर हाताने दाबून त्यांच्यामधील फट फीलर गेजने मोजतात. नव्या कड्यात ती साधारण १ मिमी.च्या आसपास असते व झिजेबरोबर कमी होत जाते. नेमकी मर्यादा प्रत्येक पेटीची वेगळी असल्याने तेथे अंदाज उपयोगाचा नाही.

खोलताना उतावीळपणा केल्यास भरपाई होत नाही. समवेगी बाही फडक्यात गुंडाळूनच काढतात, नाहीतर स्प्रिंगा व गोळ्या उडून हरवतात. बाही व तिचा गाभा यांची परस्परस्थिती खुणेने टिपून ठेवतात. धारवे पुलरने ओढून काढतात. पोलादी दंडावर पोलादी हातोडी मारीत नाहीत, मध्ये तांब्याची किंवा पितळेची कांडी धरतात. दंतचक्रांचे पोलाद केवळ वरच्या पातळ थरापुरतेच कठीण केलेले असते. त्यामुळे तो थर निघालेला दात कानशीने घासून सुधारण्याचा प्रयत्न करणे म्हणजे आतले मऊ पोलाद उघडे पाडणे होय. असे चक्र बदलावेच लागते, आणि शक्यतो त्याच्या जोडीदारासह. एकाच्या नव्या दातांवर दुसऱ्याचे झिजलेले दात नीट बसत नाहीत.

जुळणीतील सर्वांत चिवट काम मधल्या दंडाचे. त्याच्या चक्रांच्या गाभ्यात सुईसारखे बारीक रूळ एकेक करून ग्रीजने चिकटवावे लागतात. मूळ दंडाइतक्याच जाडीची, पण आखूड अशी लाकडी वा धातूची बनावट दांडी आत घालून रूळ जागच्या जागी धरतात व दंड आत सरकविताना ती पुढे ढकलली जाते. एक रूळ निसटला तर सारे पुन्हा उघडावे लागते. नवे धारवे दंडावर बसविण्यासाठी तेलात सुमारे १००° से. पर्यंत तापवितात, ठोकून बसविल्यास त्यांच्या वाटांवर खड्डे पडतात. शेवटी योग्य जाडीच्या चकत्या निवडून दंडाचा खेळ ठरवितात. याच टप्प्यावर घाई करणाऱ्याची पेटी काही महिन्यांत परत उघडली जाते.

तेलाची निवडही दुर्लक्षित राहते. उच्च दाबासाठी गंधकयुक्त पदार्थ घातलेली काही तेले दातांचे रक्षण करतात, पण पितळ-कांस्याला खातात. गाडीच्या डिफरन्शलमध्ये चालणारे तेल पेटीतही चालेल, या समजुतीने कित्येक नव्या कड्यांचा नाश झाला आहे. झिजलेल्या पेटीत जाड तेल किंवा लाकडाचा भुसा घालून आवाज दाबायचा आणि गाडी विकायची ही लबाडी मात्र अनेक देशांत सारखीच परिचित आहे.

ही विद्या छापील रूपात सामान्य मालकापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय इंग्लंडमधील जॉन हेन्स यांना द्यावे लागेल. गाडी प्रत्यक्ष खोलून, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेऊन त्यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीची मार्गदर्शक पुस्तिका १९६६ मध्ये काढली आणि त्याच पद्धतीने पुढे शेकडो पुस्तिका निघाल्या. भारतात महिंद्रा जीपच्या जुन्या पेट्या अजून घराघरांतून उघडल्या जातात. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. हौशी मालकांकडे उरलेल्या पद्मिनींचे पितळी कडे आता बहुधा मोडीत निघालेल्या गाडीतूनच शोधावे लागते.