अल्प-कर्बोदक आहार आणि आधारगट

अल्प-कर्बोदक आहार म्हणजे धान्ये, साखर, बटाट्यासारखे कंद आणि त्यांपासून केलेले पदार्थ यांचे प्रमाण कमी करून शरीराची ऊर्जेची गरज मुख्यतः स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांतून भागवणारा आहार होय. वजन कमी करणे आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तशर्करा आटोक्यात ठेवणे हे त्याचे दोन प्रमुख हेतू आहेत. अनेक ठिकाणी हा आहार एकट्याने न पाळता आधारगटाच्या साहाय्याने पाळला जातो. समान अडचण असलेल्या व्यक्तींचा, ठरावीक काळाने एकत्र येणारा गट म्हणजे आधारगट. वजन घटवण्याच्या आहारांवरील अनेक दीर्घकालीन अभ्यासांत, कोणता आहार निवडला यापेक्षा तो किती निष्ठेने व किती काळ पाळला गेला, याचा परिणाम अधिक असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे आहाराइतकाच तो टिकवून धरणाऱ्या व्यवस्थेचाही विचार केला जातो.

व्याख्या व प्रमाण

१ ग्रॅम कर्बोदकांपासून शरीराला सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. दिवसाला २,००० किलोकॅलरी देणाऱ्या आहारात कर्बोदके १३० ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एकूण ऊर्जेच्या २६ टक्क्यांहून कमी असतील, तर त्यास सामान्यतः अल्प-कर्बोदक आहार म्हणतात. हे प्रमाण दिवसाला २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरले की त्यास अत्यल्प-कर्बोदक किंवा कीटोजनिक आहार असे म्हणतात. सर्व अभ्यासकांनी एकच व्याख्या स्वीकारलेली नाही. म्हणून दोन अभ्यासांची तुलना करताना प्रत्यक्षात किती कर्बोदके खाल्ली गेली हे पाहणे आवश्यक ठरते.

भारतीय आहाराच्या संदर्भात ही मर्यादा पाळणे विशेष कठीण आहे. ज्वारी, बाजरी व गहू यांच्या १०० ग्रॅम पिठात साधारणतः ६० ते ७२ ग्रॅम, तर १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी कीटोजनिक आहाराची दिवसभराची मर्यादा ओलांडली जाते. भाकरीत तंतुमय पदार्थ अधिक असल्याने ती साखर किंवा मैद्यापेक्षा हितकर असली, तरी ती अल्प-कर्बोदक पदार्थ ठरत नाही. उपवासाला हलका समजला जाणारा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. शाकाहारी जेवणातील प्रथिनांचा मुख्य आधार असलेल्या डाळींतही कर्बोदके बरीच असतात. तूर किंवा मूग डाळीच्या १०० ग्रॅममध्ये ती ५० ते ६० ग्रॅम भरतात. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीला पनीर, दही, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरे, पालेभाज्या आणि दुधी, दोडका, वांगी, फ्लॉवर, कोबी यांसारख्या फळभाज्या यांवर अधिक भर द्यावा लागतो. मिश्राहारी व्यक्तीला अंडी, मासे व मांस हे पर्याय उपलब्ध असतात.

शरीरक्रिया

कर्बोदकांचे पचन होऊन ग्लुकोज तयार होते. रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. हे संप्रेरक ग्लुकोजला पेशींत शिरण्यास मदत करते आणि साठलेल्या मेदाचे विघटन रोखते. कर्बोदके कमी घेतल्यास जेवणानंतर रक्तशर्करेत होणारी वाढ मर्यादित राहते व इन्सुलिनची गरजही घटते. कर्बोदके अत्यल्प असतील तर यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये तयार करते आणि मेंदू ऊर्जेसाठी त्यांचा वापर करू लागतो.

आहार सुरू केल्यावर पहिल्या एकदोन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते. याचे बरेचसे कारण मेद घटणे हे नसून पाणी कमी होणे हे असते. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेल्या ग्लुकोजसोबत त्याच्या सुमारे तिप्पट पाणी असते. साठा संपताच ते पाणीही शरीराबाहेर जाते. पुढे वजन उतरण्याचा वेग मंदावतो. हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीला आहार निष्फळ ठरल्यासारखे वाटण्याचा संभव असतो.

इतिहास

मधुमेहावर आहारनियमनाचा उपाय इन्सुलिनच्या शोधापूर्वीपासून चालत आला आहे. जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने इ.स. १७९७ मध्ये मधुमेही रुग्णाला प्रामुख्याने मांसाहार देण्याच्या उपचाराचे वर्णन प्रसिद्ध केले. वजन घटवण्यासाठी या आहाराचा प्रसार मात्र विल्यम बँटिंग या लंडनमधील व्यावसायिकामुळे झाला. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या बँटिंगची उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलोग्रॅम होते. विल्यम हार्वे या कर्णरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य केले आणि वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी घटले. हा अनुभव त्याने इ.स. १८६३ मध्ये जनतेस उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत मांडला. पुस्तिका इतकी लोकप्रिय झाली की त्याच्या आडनावावरून आलेले ‘बांता’ हे क्रियापद स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी पथ्य करणे या अर्थाने आजही रूढ आहे.

इ.स. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावरील उपचार म्हणून कीटोजनिक आहार सुचवला. इ.स. १९२२ मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू झाल्यावर मधुमेहोपचारातील कठोर पथ्याचे महत्त्व कमी झाले. इ.स. १९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स या अमेरिकन डॉक्टरांच्या पुस्तकामुळे अल्प-कर्बोदक आहार पुन्हा चर्चेत आला.

आधारगटांचा उगम

वजन घटवू इच्छिणाऱ्यांच्या गटांची परंपरा स्वतंत्रपणे विकसित झाली. इ.स. १९४८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे एस्थर मान्झ यांनी ‘टॉप्स’ ही संस्था स्थापन केली. इ.स. १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘ओव्हरईटर्स ॲनॉनिमस’ ही मद्यमुक्ती गटांच्या धर्तीवरील संघटना सुरू झाली. न्यू यॉर्कमधील गृहिणी जीन निडेच यांनी आपल्या घरी मैत्रिणींना बोलावून सुरू केलेल्या बैठकींतून इ.स. १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. हे गट आरंभी अल्प-कर्बोदक आहाराचा पुरस्कार करणारे नव्हते. मात्र नियमित बैठक, वजनाची नोंद आणि अनुभवकथन ही त्यांची पद्धत पुढे अल्प-कर्बोदक आहाराच्या गटांनीही स्वीकारली.

आधारगटाचे कार्य

आधारगटाच्या कार्याचे साधारणतः पुढील भाग असतात :

* माहितीची देवाणघेवाण : कोणत्या पदार्थात किती कर्बोदके आहेत, भाताऐवजी काय घ्यावे, लग्नसमारंभात वा प्रवासात पथ्य कसे सांभाळावे, अशा व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे अनुभवी सदस्यांकडून मिळतात.
* नोंद व उत्तरदायित्व : वजन, कमरेचा घेर, रक्तशर्करा व रोजचे खाणे यांची नोंद ठेवली जाते. पुढील बैठकीत ती मांडायची असल्याने नियमितपणा राहतो.
* अडचणीच्या काळातील धीर : वजन उतरणे थांबले किंवा पथ्य मोडले, तर त्याच अवस्थेतून गेलेल्या व्यक्तीचा अनुभव उपयोगी पडतो.
* कुटुंबाचा सहभाग : घरातील स्वयंपाक सर्वांसाठी एकत्र होत असल्यास एका व्यक्तीचे पथ्य हा घरातील सर्वांचा प्रश्न बनतो. म्हणून काही उपक्रमांत जोडीदारास किंवा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसही बोलावले जाते.

संशोधन

इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६० व्यक्तींना ॲटकिन्ससह चार लोकप्रिय आहारांपैकी एकेक आहार देण्यात आला. वर्षअखेर वजनातील घट आहाराच्या प्रकाराशी नव्हे, तर तो किती निष्ठेने पाळला गेला याच्याशी निगडित आढळली. इ.स. २००९ मधील ८११ व्यक्तींच्या अभ्यासात कर्बोदकांचे प्रमाण ३५ ते ६५ टक्के ठरवून दिलेल्या चार आहारांची दोन वर्षे तुलना झाली. चारही गटांत वजन जवळपास सारखेच घटले. मात्र समुपदेशनाच्या जितक्या बैठकींना व्यक्ती हजर राहिली, तितकी घट अधिक होती. हे प्रमाण दर बैठकीमागे सुमारे ०.२ किलोग्रॅम होते. अर्थात ज्यांचा उत्साह मुळातच अधिक, तेच बैठकींना अधिक येत असण्याचीही शक्यता असल्याने यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

इस्रायलमधील दिमोना येथे एका कार्यस्थळी ३२२ व्यक्तींवर झालेला दोन वर्षांचा अभ्यास इ.स. २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनातील सरासरी घट अल्पस्निग्ध आहारात २.९, भूमध्यसागरी आहारात ४.४ आणि अल्प-कर्बोदक आहारात ४.७ किलोग्रॅम होती. मात्र अखेरपर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण अल्प-कर्बोदक गटात सर्वांत कमी, ७८ टक्के होते. अल्पस्निग्ध गटात ते सुमारे ९० टक्के होते. म्हणजे ज्या आहारात सरासरी घट सर्वाधिक होती, तोच पाळण्यास सर्वांत अवघडही ठरला. इ.स. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ६०९ व्यक्तींना वर्षभरात २२ गटबैठकींतून मार्गदर्शन देण्यात आले. त्यात अल्पस्निग्ध व अल्प-कर्बोदक आहारांतील सरासरी घट अनुक्रमे ५.३ व ६.० किलोग्रॅम होती आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

गटाच्या परिणामाचा थेट अभ्यासही झाला आहे. इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६६ व्यक्तींच्या अभ्यासात एकट्याने आलेल्या व नेहमीचे मार्गदर्शन मिळालेल्या व्यक्तींपैकी ७६ टक्क्यांनी उपक्रम पूर्ण केला. तीन मित्रांसह आलेल्या आणि परस्परसाहाय्याचे मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होते. चौथ्या महिन्यापर्यंत उतरलेले वजन दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकवणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २४ व ६६ टक्के होते. हा अभ्यास अल्प-कर्बोदक आहाराचा नव्हता. तरी सोबतीचा उपयोग त्यातून स्पष्ट होतो.

साउथपोर्ट येथील उपक्रम

इंग्लंडमधील साउथपोर्ट येथील डॉक्टर डेव्हिड अनविन यांनी इ.स. २०१३ पासून आपल्या दवाखान्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांना अल्प-कर्बोदक आहाराचा पर्याय देण्यास सुरुवात केली. वैयक्तिक सल्ल्याबरोबर गटबैठकी हा या उपक्रमाचा भाग आहे. पदार्थाचा रक्तशर्करेवरील परिणाम साखरेच्या चमच्यांत दाखवणारे तक्ते त्यांनी तयार केले. त्यांनुसार १५० ग्रॅम शिजवलेल्या बासमती भाताचा परिणाम ४ ग्रॅमच्या सुमारे १० चमचे साखरेइतका असतो. इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार हा आहार निवडलेल्या १८६ मधुमेही रुग्णांपैकी ५१ टक्के रुग्णांचा मधुमेह उपशमित झाला. औषधांवाचून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांहून कमी राहणे यास उपशमन म्हणतात. आहार रुग्णांनी स्वेच्छेने निवडला होता व तुलनेसाठी यादृच्छिकपणे निवडलेला दुसरा गट नव्हता, ही या निष्कर्षांची मर्यादा आहे.

भारत व महाराष्ट्र

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह आहे. याच पाहणीच्या आहारविषयक निष्कर्षांत भारतीयांच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आढळला. १८,०९० प्रौढांच्या माहितीवरून केलेल्या गणिती अभ्यासाने कर्बोदके सुमारे ५० ते ५५ टक्क्यांवर आणणे आणि प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास नेणे उपयुक्त ठरेल, असे सुचवले. ही घट कीटोजनिक आहाराच्या मानाने बरीच सौम्य आहे. ताटातील एक पोळी किंवा भाताचा काही भाग कमी करून त्या जागी उसळ, दही, अंडे वा पालेभाजी वाढवणे, असे तिचे स्वरूप राहू शकते.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रसारित केलेली, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. तिच्या प्रसारात व्याख्यानांबरोबर स्वयंसेवकांनी चालवलेल्या व्हॉट्सॲप गटांचा मोठा वाटा आहे. इन्सुलिनचे स्रवण मर्यादित ठेवणे हा समान हेतू असला, तरी ही पद्धत मुख्यतः जेवणाच्या वेळांवर आधारलेली असल्याने तिला अल्प-कर्बोदक आहाराचा प्रकार मानणे योग्य नाही.

धोके व दक्षता

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या व्यक्तीने औषधाची मात्रा न बदलता कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे चालू असताना अत्यल्प-कर्बोदक आहार घेतल्यास रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस हा गंभीर विकार उद्भवण्याचा धोका वाढतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी व धाप लागणे ही त्याची लक्षणे असून अशा वेळी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. रक्तदाबावरील औषधांची मात्राही तपासून घ्यावी लागते. पहिल्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, गर्भारपण, स्तनपान व खाण्याशी निगडित मानसिक विकार असल्यास वैद्यकीय देखरेखीवाचून हा आहार घेऊ नये. काही व्यक्तींत एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, तर तंतुमय पदार्थ कमी पडल्यास बद्धकोष्ठता होते.

आधारगटालाही मर्यादा आहेत. एका सदस्याला लागू पडलेला उपाय दुसऱ्यास अपायकारक ठरू शकतो, विशेषतः औषधे बंद करण्याच्या बाबतीत. वजनाच्या जाहीर तुलनेमुळे मागे पडलेल्या सदस्यास संकोच वाटून तो गट सोडण्याची शक्यता असते. विशिष्ट उत्पादनांच्या विक्रीसाठी चालवलेल्या गटांत मिळणारा सल्ला निःपक्ष असेलच असे नाही. औषधांविषयीचा निर्णय डॉक्टरांचा आणि रोजचे पथ्य निभावण्याचे साहाय्य गटाचे, अशी विभागणी असलेले उपक्रम अधिक सुरक्षित मानले जातात.

हेही पहा

* मधुमेह
* इन्सुलिन
* लठ्ठपणा
* कीटोजनिक आहार
* भूमध्यसागरी आहार