जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजी स्पर्धा: बंदी असलेल्या ब्रिटनमध्ये त्या कशा होतात?

ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकाला हँडगन बाळगण्यावर 1997 पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. तरीही पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी रिव्हॉल्व्हरने कागदी लक्ष्यावर नेम साधण्याच्या स्पर्धा तिथे आजही होतात. यांचे प्रमुख केंद्र म्हणजे सरे परगण्यातील बिस्ली.

बिस्लीची परंपरा

ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा आधी लंडनजवळच्या विम्बल्डन येथे होत. 1890 मध्ये त्या बिस्लीला हलवण्यात आल्या. वॉल्टर विनन्स या अमेरिकन नेमबाजाने 1890 च्या दशकात इथल्या रिव्हॉल्व्हर स्पर्धा गाजवल्या. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीने 1894 मध्ये आणलेल्या नेमबाजीच्या रिव्हॉल्व्हरला ‘बिस्ली’ हेच नाव दिले.

वेब्ली रिव्हॉल्व्हर

ब्रिटिश लष्कराने 1887 मध्ये .455 कॅलिबरचे, सहा गोळ्यांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. 1915 मध्ये त्याची मार्क 6 ही आवृत्ती आली. खटका दाबून नळी खाली वाकवली की रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात, ही त्याची ओळख. ब्रिटिश साम्राज्यभर, भारतातही, अधिकाऱ्यांच्या कमरेला ते असे.

नेम साधणे अवघड का?

हे शस्त्र जवळच्या लढाईसाठी बनले होते, खेळासाठी नव्हे. मार्क 6 ची साइट पक्की बसवलेली असते; आधुनिक पिस्तुलासारखी स्क्रू फिरवून ती डावी-उजवीकडे सरकवता येत नाही. गोळी बाजूला जात असेल, तर नेमबाज तेवढा फरक धरूनच नेम घेतो.

रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे एक किलो असते. जुन्या लष्करी पद्धतीप्रमाणे ते एका हातात धरले, तर काही फेऱ्यांतच हात थरथरू लागतो. नुसता चाप ओढून गोळी झाडायची तर बोटाला बराच जोर द्यावा लागतो आणि नळी हलते. म्हणून सावकाश फेरीत अंगठ्याने घोडा मागे ओढून मग चाप हलका दाबतात. झटपट फेरीत मात्र वेळेचे भान ठेवावे लागते.

काडतुसांचा प्रश्न

.455 ची काडतुसे आता सहज मिळत नाहीत. अनेक नेमबाज शिशाची गोळी आणि मोजून घेतलेली दारू वापरून ती स्वतः भरतात. इथे चूक महागात पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक वेब्लींचे सिलिंडर मागून घासून त्यात .45 एसीपी काडतुसे बसतील असे केले गेले. पण त्या काडतुसाचा दाब वेब्लीला झेपणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त असतो. सिलिंडर फुटण्याचा धोका राहतो.

कायद्याने काढलेली वाट

13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे एका बंदूकधाऱ्याने शाळेत 16 मुले आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेतला. त्यानंतर 1997 च्या दोन कायद्यांनी उत्तर आयर्लंड वगळता ब्रिटनभर हँडगनवर बंदी आली. मात्र कलम 7 मध्ये ऐतिहासिक शस्त्रांना दोन प्रकारची सूट ठेवली गेली:

- 7(1): 1919 पूर्वी बनलेले, ज्याची काडतुसे सहज मिळत नाहीत असे शस्त्र संग्रह म्हणून घरी ठेवता येते; ते स्पर्धेसाठी नाही.
- 7(3): दुर्मीळ किंवा ऐतिहासिक महत्त्वाचे शस्त्र ठरवून दिलेल्या ठिकाणीच कुलूपबंद ठेवावे लागते आणि तिथेच चालवता येते.

बिस्ली हे असेच एक ठिकाण. म्हणजे मालक स्पर्धेला येतो, स्वतःचे रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतो, नेमबाजी करतो आणि ते तिथेच जमा करून रिकाम्या हाताने घरी जातो. सुरक्षितता आणि वारसा यांच्यातील ही तडजोड आहे.

भारताशी नाते

2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील नेमबाजी बिस्लीलाच झाली. पिस्तूल प्रकारांसाठी तेव्हा सरकारला खास परवानगी द्यावी लागली. याच मैदानावर मुंबईच्या अंजली भागवत यांनी रायफल प्रकारांत चार सुवर्णपदके जिंकली.