खाशाबांचे गुरुजन

कुस्तीच्या फडात विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन मिरविण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. फेटा त्याला बांधतात, हलगी त्याच्यापुढे वाजते; आणि ज्याने त्याला वर्षानुवर्षे पहाटे उठवून हौद्यातील माती खणावयास लावले, तो वस्ताद बहुधा गर्दीच्या कडेला उभा असतो. इतिहासही पुष्कळदा असेच करतो. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ही गोष्ट आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु त्यांना शिकविले कोणी, पारखले कोणी आणि पाठविले कोणी, हे विचारले तर मोठी माणसेही घोटाळतात.

भंडारा जिल्ह्यातील आमच्या कोंढ्यासारख्या गावी शाळामास्तराने आयुष्य काढले म्हणजे त्याला एक अनुभव हमखास येतो. गणिताला मास्तर लागतो, इतिहासाला लागतो. खेळाला मात्र कोणीही चालतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. ज्याचा तास रिकामा असेल त्याच्या हाती शिट्टी द्यावी आणि मुले मैदानावर सोडावी, एवढ्यावर काम भागते. मीही अशी शिट्टी पुष्कळ वर्षे वाजविली. एके दिवशी खाशाबांचा धडा चालू असता एका मुलाने विचारले, “गुरुजी, त्यांचे गुरुजी कोण?” मला नीट उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेता घेता जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम जरा दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो त्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक खेळविला जातो. तेथील धाकट्या महाविद्यालयातसुद्धा या खेळासाठी शिक्षकांचा एक लहानसा ताफा असतो. एक मुख्य शिक्षक, त्याच्या हाताखाली आघाडीच्या फळीला शिकविणारा निराळा, बचावाला शिकविणारा निराळा, शरीरबल वाढविणारा आणखी निराळा. ही प्रथा एका दिवसात उभी राहिली नाही. शिकागो विद्यापीठाने १८९२ साली अमॉस अलाँझो स्टॅग या गृहस्थास खेळाचा शिक्षक म्हणून नेमले, ते थेट अध्यापकवर्गात जागा देऊन. आणि ते तेथे १९३२ पर्यंत राहिले. नोत्र दाम येथील प्रख्यात शिक्षक न्यूट रॉकने हे तर प्रारंभी रसायनशास्त्र शिकवीत व त्याच काळी फुटबॉलच्या शिक्षकाला साहाय्य करीत. खेळ शिकविणारा माणूस हा महाविद्यालयाचाच एक अध्यापक होय, ही कल्पना तेथे अशी मुळापासून रुजली.

आपल्याकडे गुरूची वाण कधीच नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली. गावोगावच्या तालमींतून वस्तादांची परंपरा अखंड चालू होती. आमच्या विदर्भात अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने वाढला आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगाला दाखविले. तिकडे मद्रासेस हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापिले, आणि १९३८ साली मुंबई सरकारने कांदिवली येथे अशीच संस्था काढली. असे असूनही तालीम आणि महाविद्यालय यांच्यामधली भिंत मात्र राहिलीच. वस्तादाला इंग्रजी येत नसे, म्हणून त्याला महाविद्यालयात जागा नसे. आणि महाविद्यालयात जो व्यायामशिक्षक असे त्याला मातीतली विद्या ठाऊक असेच असे नाही. खाशाबांची कथा मला महत्त्वाची वाटते ती याकरिता, की कोल्हापुरात ही भिंत काही काळ तरी खाली आली.

कोल्हापूरचे वातावरणच निराळे. छत्रपती शाहू महाराज स्वतः मल्लविद्येचे मोठे भोक्ते. त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ पासून कुस्तीगिरांची पंढरी होऊन राहिले. त्याच शहरात १८८० साली स्थापन झालेले राजाराम महाविद्यालय. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखा विद्यार्थी ज्याने पाहिला आणि माधव जूलियन यांच्यासारखा कवी ज्याच्या अध्यापकवर्गात होता, असे हे महाविद्यालय होय. एका हाती ग्रंथ आणि दुसऱ्या हाती लाल माती, असा योग येथेच जुळून यावयाचा होता.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावंडांत ते शेंडेफळ. वडील दादासाहेब स्वतः मल्ल आणि वस्ताद; मुलगा पाच वर्षांचा होताच त्यांनी त्याला मातीत उतरविले. म्हणजे पहिला गुरू घरातलाच. कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ पर्यंत शिक्षण झाले. मधल्या काळात ‘चले जाव’ची चळवळ पेटली, तेव्हा या मुलाने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे व त्यांची पत्रके पोचविण्याचे कामही केले. पुढे तो कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आला.

येथे एक प्रसंग सांगतात. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यावयास हा विद्यार्थी गेला, तेव्हा त्याची बुटकी, किरकोळ अंगलट पाहून क्रीडाशिक्षकाने त्याला परत पाठविले. विद्यार्थी थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि त्याने आपल्याहून धिप्पाड मल्लांना चीत करून दाखविले. या कथेत क्रीडाशिक्षकास दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याला शेकडो मुलांतून चार निवडावयाची असतात त्याचा डोळा प्रथम हाडापेराकडेच जातो. चुकीची दाद मागावयाला दुसरे दार उघडे होते, हे या कथेचे खरे मर्म होय.

महाविद्यालयीन काळात बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी हे खाशाबांचे कुस्तीतील मार्गदर्शक होते. वस्तादाचे काम केवळ डाव सांगणे नव्हे. जोर किती, बैठका किती, खुराक काय, कोणत्या दिवशी लढावयाचे आणि कोणत्या दिवशी विसावा घ्यावयाचा, हे सारे तो ठरवितो. आणि चढत्या वयाच्या पोराचा रग व आळस दोन्ही ताब्यात ठेवतो. खाशाबांची कुस्ती वजनावर नव्हे, चपळाईवर आणि डावांच्या भांडारावर उभी होती. असे भांडार एकट्याने भरत नाही.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे प्रथमच मोठी अडचण उभी राहिली, ती मातीच्या जागी आलेल्या गादीची. मातीत पाय रुततो, पकड बसते, कुस्ती संथपणे रंगते. गादीवर पाय घसरतो, घड्याळ चालू असते आणि पंच गुण मांडीत असतात. आपल्या मल्लाला या प्रकाराची सवयच नव्हती. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने, जो स्वतः पूर्वीचा नामांकित कुस्तीगीर होता, लंडनच्या त्या थोड्या मुक्कामात त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. त्या अल्प शिक्षणाचे फळ पाहा. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच पाडले, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे हार खाऊन ते फ्लायवेट गटात सहावे आले. जाणत्या शिक्षकाच्या काही दिवसांच्या सहवासाने एवढे होऊ शकते, तर चार वर्षांनी काय होईल, असा प्रश्न त्या वेळी सरकारदरबारी कोणाला पडला असल्याचे दिसत नाही. तो पडला तो खाशाबांना स्वतःला आणि कोल्हापूरच्या काही मंडळींना.

१९५२ साली हेलसिंकीची वेळ आली तेव्हा निवडीपासूनच झगडा सुरू झाला. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून, प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा लढून व त्याला पाडून त्यांनी आपली जागा मिळविली. पण निवड झाली तरी प्रवासखर्चाचे काय? गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, दुकानदारांकडे झोळी फिरली, तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे पूर्वीचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. खर्डेकर हे कुस्तीचे वस्ताद नव्हते. शिवाय तो तरुण आता त्यांचा विद्यार्थीही राहिला नव्हता. पदक मिळेल याची हमी कोणी दिली नव्हती. तरीही एका मध्यमवर्गीय माणसाने आपल्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर एका विद्यार्थ्याच्या मनगटावर पणाला लावले. डाव शिकविणारे गुरू पुष्कळ असतात. विद्यार्थ्यावर एवढा विश्वास टाकणारा गुरू विरळा.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलो वजनात, अनेक देशांचे मल्ल होते. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज झाली आणि तीत ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या रशीद ममेदबेकोव्हशी लढावयास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडावयाला आपल्या बाजूचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेला मल्ल तसाच उभा राहिला आणि हरला. इशीला सुवर्ण, ममेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा निकाल लागला.

महाविद्यालयाला शिक्षकांचा ताफा कशाला, असे विचारणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्या घटकेला नवा डाव सांगणारा कोणी नको होता. हातात नियमांचे पुस्तक घेऊन “माझ्या मुलाला अर्धा तास द्या” एवढे म्हणणारा एक माणूस हवा होता. तो असता तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्या मल्लाला त्याचा न्याय्य विसावा मिळाला असता, हे निश्चित.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट सात तासांत सरली. त्यानंतर खाशाबांनी पहिले काम केले ते कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरविण्याचे. त्यात स्वतः लढून मिळालेले पैसे त्यांनी खर्डेकरांना दिले आणि गुरूचे घर सोडविले. मला तर पदकापेक्षाही हा फड थोर वाटतो. गुरुदक्षिणा म्हणून इतके रोकडे, इतके चोख उदाहरण पुराणांतरी शोधावे लागेल.

पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, तेथे खेळाचे शिक्षण देण्याचे कामही त्यांनी केले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला २०१० साली त्यांचे नाव दिले गेले, आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक भारताला लिअँडर पेस यांनी १९९६ साली मिळवून दिले; मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. शिक्षकांचा गौरव करणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी कुस्तीचे शिक्षक भालचंद्र भास्कर भागवत यांना तो मिळाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु दादासाहेब, बलावडे, बेलापुरे गुरुजी आणि खर्डेकर यांच्या काळी असे काही नव्हते. त्यांची नावे खाशाबांच्या चरित्रातील एखाद्या ओळीत येतात आणि ओळ संपताच संपतात.

आता शेवटी एक कबुली द्यावयाची आहे. शिट्टी वाजविण्याच्या त्या वर्षांत एक काटकुळा मुलगा हुतूतूच्या संघात नाव द्यावयास माझ्याकडे आला होता. मी त्याच्या दंडाकडे पाहिले आणि “पुढल्या वर्षी ये” म्हटले. पुढल्या वर्षी तो आला नाही. शाळाच सोडून गेला होता. त्याच्यात कोणी खाशाबा दडला होता असे माझे म्हणणे नाही. एवढेच म्हणतो, की मी पाहावयास शिकलो नव्हतो, आणि माझी चूक ज्याच्याकडे नेता येईल असे दुसरे दारही त्या मुलाला ठाऊक नव्हते.

आज आपल्या शहरांतील घराघरांतून मुलांना खेळासाठी पाठविणारे आईबाप पुष्कळ आहेत. त्यांनी मैदान पाहावे, साहित्य पाहावे, शुल्कही विचारावे. पण त्याआधी तेथे शिकवितो कोण, आणि मुलाची बाजू घेऊन उभा राहील असा तेथे कोणी आहे काय, हे विचारावे. शाळांच्या चालकांनीही खेळाची शिट्टी रिकाम्या हाती न देता जाणत्या हाती द्यावी. आणि येत्या १५ जानेवारीस खाशाबांच्या तसबिरीला हार घालताना मुलांना त्यांच्या गुरुजनांची नावेही सांगावी. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाला मी वेळेवर उत्तर देऊ शकलो नाही. आपल्या मुलांना तरी ते वेळेवर मिळावे.