गंगाराम तांबट कोणाचा शिष्य?

पेशवाईंतील चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट याजविषयीं लिहितांना बहुतेक लेखक त्यास जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकाराचा शिष्य ठरवून मोकळे होतात. शनिवारवाड्यांतील वेल्सच्या चित्रशाळेंत तो तयार झाला, असा हा समज. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे. कालक्रम त्याच्या आड येतो.

वेल्स मुंबईस उतरला तो इ. स. १७९१ मध्यें, पुण्यास आला तो त्यानंतर. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें जलरंगांत काढलेलें चित्र अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहे व त्याचा काल नोव्हेंबर १७९० असा नोंदलेला आहे. अर्थात् वेल्सनें या देशांत पाऊल ठेवण्यापूर्वींच गंगारामाचा हात बसलेला होता. त्यास काम देणारा होता तो पुणें दरबारींचा इंग्रज वकील चार्लस मॅलेट. आणि काम देणें म्हणजे शिकविणें नव्हे.

पुढें मॅलेटसाठीं गंगारामानें वेरूळास जाऊन लेण्यांचीं चित्रें काढलीं. मॅलेटनें १७९४ च्या अखेरीस सर जॉन शोअर यांस लिहून पाठविलेलें वेरूळचें वर्णन 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडांत प्रसिद्ध झालें, त्यास आधार याच चित्रांचा. वेल्स स्वतः वेरूळास गेला तो १७९५ मध्यें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल यानें १८०३ मध्यें चोवीस चित्रांचा ग्रंथ काढला. त्याच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे. त्याआधीं त्याच डोंगरांत बसून चित्रें काढणाऱ्या तांबटाचें नाहीं.

वेल्सपासून गंगारामानें पुढें कांहीं घेतलें असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आधीं सिद्ध असलेल्या हातास नंतर भेटलेला मनुष्य त्याचा आद्यगुरु ठरत नाहीं. गेंड्याच्या एका चित्राच्या तारखेनें येवढा निर्णय होतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, जुने रुमाल सोडतांना मोडी कागदांत एखादें बेनांवी चित्र निघाल्यास तें निराळें काढून टाकूं नये. त्याच्या पाठीवरील तारीख, शेरा व शेजारचा कागद हीं तिन्ही टिपून ठेवावीं. चित्र सुंदर असो वा नसो, तारखेची साक्ष पुष्कळदां त्याहून मोलाची ठरते.