जुन्या सायकलीला नवी चाके : आधी मोजमाप, मग खरेदी

सोलापुरात १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' सुरू झाली आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांनी शहराला कामगारनगरीची ओळख दिली. भोंगा वाजण्यापूर्वी गिरणीचे फाटक गाठणाऱ्या कामगाराचे हक्काचे वाहन म्हणजे दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल. त्या गिरण्या बंद पडल्या, मात्र त्या काळातील सायकली काही घरांत अजूनही जपलेल्या आढळतात. त्यांचा पोलादी सांगाडा सहसा शाबूत असतो. गंजते ती रिम आणि तुटतात त्या तारा. अशा वेळी 'याची चाके आता मिळत नाहीत' असे ऐकून सायकल भंगारात काढली जाते. हा निर्णय बहुधा घाईचा ठरतो. मोजकी मापे हाती असली, तर मार्ग निघू शकतो.

इंचांचा फसवा आकडा

टायरवर इंचांत छापलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. टायरची कड रिमवर जेथे बसते, तेथील व्यास महत्त्वाचा. '२८ × १ १/२' या रोडस्टर टायरसाठी तो ६३५ मिलिमीटर असतो, तर आजच्या '७०० सी' चाकासाठी ६२२ मिलिमीटर. तरीही दोन्हींना २८ इंची म्हटले जाते. '२६ × १ ३/८' या मापाचा व्यास ५९० मिलिमीटर, तर माउंटन सायकलीच्या २६ इंची चाकाचा ५५९ मिलिमीटर असतो. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूवर '४०-६३५' अशी जोडसंख्या असल्यास तिच्यातील दुसरा आकडा हाच हा व्यास होय.

हबची मापे

खरी अडचण हबची असते. जुन्या रोडस्टरमध्ये ब्रिटिश प्रथेनुसार पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. नव्या सायकलींत दोन्ही चाकांना ३६, ३२ किंवा त्याहून कमी तारा असतात. हबच्या आणि रिमच्या छिद्रांची संख्या जुळल्याशिवाय चाक विणता येत नाही.

दुसरे माप रुंदीचे. मागच्या चिमट्याच्या दोन टोकांमधील अंतर बिनगिअरच्या रोडस्टरमध्ये सुमारे ११० मिलिमीटर असते. पाच गिअरच्या जुन्या सायकलींत ते १२०, सहा-सात गिअरच्यांत १२६, नंतरच्या रोड सायकलींत १३० आणि माउंटन सायकलींत १३५ मिलिमीटर झाले. अलीकडची आरपार एक्सलची १४२ किंवा १४८ मिलिमीटरची चाके जुन्या खाचांत बसतच नाहीत.

तिसरे माप एक्सलच्या जाडीचे. जुन्या रोडस्टरचा पुढचा एक्सल ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर, असतो. नव्या हबचा ९ मिलिमीटरचा एक्सल त्या खाचेत जात नाही. खाच कानशीने घासून तो बसवल्यास चिमट्याचे टोक कमकुवत होण्याचा धोका असतो.

ब्रेकचा विचार

दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमच्या बाजूवर नव्हे, तर तारांकडील आतल्या भागावर दाबले जाते. त्यासाठी रिमचा आकारही तसाच लागतो. ६२२ मिलिमीटरची नवी रिम घातल्यास ती साडेसहा मिलिमीटर आत जाते, शिवाय रबराला टेकण्याजोगी जागा मिळत नाही. म्हणजे चाक बदलले तर ब्रेकही बदलावे लागतात.

कोणता मार्ग निवडावा?

बिनगिअरच्या काळ्या सायकलीसाठी जुने हब ठेवून नवी रिम व नव्या तारांनी चाक विणून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग. भारतीय सायकल उद्योगाचे केंद्र असलेल्या लुधियानात रोडस्टर सायकली व त्यांचे सुटे भाग अजूनही तयार होतात, त्यामुळे ६३५ मिलिमीटरची रिम दुर्मीळ नाही. हब रॉकेलने धुऊन कोन व वाट्या तपासाव्यात. त्यांवर खड्डे नसतील तर नवे छर्रे आणि ग्रीस पुरते. जुन्या तारा मात्र पुन्हा वापरू नयेत.

हबच झिजले असेल तर त्याच रुंदीचे, तेवढ्याच छिद्रांचे रोडस्टर हब शोधावे. गिअरच्या जुन्या सायकलीत १२६ मिलिमीटरचा पोलादी चिमटा १३० पर्यंत फाकवता येतो. पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे आणि दोन्ही बाजू समान फाकल्याची खात्री करावी. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हा प्रयोग कधीही करू नये. ११० वरून १३५ पर्यंतची ओढाताण पोलादालाही मानवत नाही.

चाक बसवताना

रिम दोन्ही बाजूंच्या चेकनटांच्या बरोबर मध्ये यावी, तारांचा ताण सारखा असावा आणि चाकाचा आऊट पूर्ण काढलेला असावा. जुन्या-नव्या एक्सलचे आटे वेगळे असू शकतात. बोटाने सहज न फिरणारा नट पान्याने जबरदस्तीने आवळू नये. आटे घासले गेले तर चालत्या सायकलीचे चाक निखळू शकते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तारा व नट पुन्हा तपासून घ्यावेत.

दुकानात जाताना जुने चाक सोबत न्यावे. व्यास, तारांची संख्या, चिमट्यातील अंतर व एक्सलची जाडी ही चार मापे कागदावर लिहून ठेवल्यास चुकीची खरेदी टळते आणि वडिलोपार्जित सायकल पुन्हा रस्त्यावर येते.