मागच्या पट्टीतली गवतं

आपल्या मागच्या कंपाउंड वॉललगतची सात फुटी पट्टी हा वार्षिक सभेतला जुना विषय. लिफ्टखालोखाल वेळ तिच्यावरच गेला असेल. काहींचं म्हणणं, बांबू मुळासकट काढा, पेव्हर ब्लॉक टाका, दुचाक्या लावा. तळमजल्यावरच्या मंडळींचं म्हणणं, रस्त्यापासून आडोसा आहे तो तेवढाच. रौप्यमहोत्सवी वर्षात हा विषय पुन्हा येणार, म्हणून या गवतांचा थोडा इतिहास सांगतो. हो, गवतच! बांबू हा गवतकुळातला. ऊस, गहू, ज्वारी त्याचे भाऊबंद.

सरकारदरबारी मात्र तो बराच काळ झाड होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला, आणि शेताच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी परवान्याची कटकट मागे लागली. २०१७ साली दुरुस्ती होऊन त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. म्हणजे नव्वद वर्षांनी तो पुन्हा गवत झाला.

आपल्याकडे उंच गवत घराजवळ आलं ते कामासाठी. वाळा माठात आणि उन्हाळ्यातल्या पडद्यांत, गवती चहा परसात सांडपाण्यावर, बांबू सुपं-टोपल्यांना. नुसतं बघायला म्हणून गवत लावायची हौस एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातली. दक्षिण अमेरिकेतलं पंपास गवत तेव्हा इंग्लंडात पोचलं आणि घरापुढच्या हिरवळीवर त्याचे पांढरे तुरे मिरवू लागले. त्याच्या शास्त्रीय नावाच्या मुळाशी ‘कापणे’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द आहे. पान हाताला लागलं की का ते कळतं. पुढे कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते बागेबाहेर पडलं. एका तुऱ्यात हजारो बिया, त्याही वाऱ्यावर उडणाऱ्या. कुंपणाचा काय उपयोग? न्यूझीलंडमध्ये आता त्याच्या विक्रीलाच बंदी आहे.

याच्या उलट गोष्ट जर्मनीतली. पॉट्सडॅमचे रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर यांनी आयुष्यभर गवतांची बाजू घेतली. गवतं आणि नेचे बागेत कसे आले, यावर १९५७ मध्ये त्यांनी पुस्तकच लिहिलं. त्यांच्या नावाचं एक गवत आज थंड देशांत घरोघरी दिसतं. पाच-सहा फूट उंच, सरळ उभं, एकाच ठोंबात राहणारं, आणि मुख्य म्हणजे रुजणारं बी न धरणारं. लहान जागेत ते टिकलं ते दिसण्यापेक्षा या वागणुकीमुळे, असं माझं मत.

तेव्हा गवत निवडताना पहिला प्रश्न हा, की ते पसरतं कसं? बियांनी, जमिनीखालून धावून, की जागच्या जागी ठोंब वाढवून? फरशी फोडून बांबू वर आल्याचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर फिरले होते. ते धावणाऱ्या जातीचे, चीन-जपानकडचे. त्यांना रोखायला दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकचा पडदा पुरावा लागतो, शिवाय त्याची कड जमिनीच्या थोडी वर ठेवावी लागते. आपला हिरव्या रेघांचा पिवळा बांबू त्यातला नाही. तो बेट करून वाढतो. त्याचा दोष वेगळा: तीस-चाळीस फूट सहज जातो आणि बेटाचा घेर दरवर्षी बाहेर सरकतो. सात फुटांत असलं बेट मोकळं सोडलं की ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायची पंचाईत होणारच.

यावर उपाय कोयता आणि पहार. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूला आलेले कोंब कोवळे असतानाच मोडायचे. तीन वर्षांवरचे जून बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत, बुडापासून काढायचे, मधूनसुद्धा. आपल्याकडे मात्र माळीबुवांना दरवेळी ‘वरून छाटा’ एवढंच सांगितलं गेलं. शेंडा छाटल्यानं बेटाचा घेर कमी होत नाही, उलट पेरांतून फांद्यांची गचपण वाढते.

गेटजवळच्या फाउंटन ग्रासचंही तसंच. जांभळं सहसा बी धरत नाही, ते गप जागेवर आहे. हिरवं पार्किंगच्या ब्लॉकच्या फटीफटीतून उगवलंय. त्याचे तुरे सुकायच्या आत कापावेत, नाहीतर काढूनच टाकावं.

माझ्या मते चेंबरकडची बेटं काढावीत, कोपऱ्यातली दोन राखावीत आणि मोकळ्या जागेत वाळा लावावा. उंची पाच-सहा फूट, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीला पुरेसा आडोसा. मुळं सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतसुद्धा. आडवी धावत नाहीत. दक्षिण भारतातल्या लागवडीच्या वाळ्याला रुजणारं बी येत नाही. याच गुणांवर १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी उतारावरची माती धरायला वाळ्याचे बांध सुचवले होते.

ऊन भरपूर लागतं, तेव्हा बी विंगच्या सावलीतला तुकडा सोडावा लागेल. बाकी जागेत वीतभर अंतरानं ठोंब, लावणी मृगाच्या पावसावर, वर्षातून एकदा गुडघ्याएवढी छाटणी. आणि बांबू काढायचा ठरलाच, तर जून काठ्या फेकू नका. गच्चीवरच्या वेलांना मांडव हवाच आहे.